शाळा सुटल्यानंतरच्या तीन तासांविषयी नगरप्रशासनास खुले पत्र

माननीय आयुक्त, शिक्षण समितीचे सभापती आणि समितीचे सर्व सदस्य यांस,

सविनय नमस्कार.

शहराच्या मध्यभागातील दाट वस्त्यांमध्ये शाळा सुटल्यानंतर मुलांसाठी चालणाऱ्या केंद्रांना अनुदान देण्याचे नियम आपण नव्याने ठरवत आहात आणि त्यासाठी सूचना मागवल्या आहेत. अशा एका केंद्राची समन्वयक म्हणून मी गेली नऊ वर्षे काम करते. माझे म्हणणे मी आधी नेमून दिलेल्या नमुन्यात लिहून पाहिले. परंतु त्यात लाभार्थींची संख्या, साहित्याचा खर्च आणि परीक्षेतील गुणवाढ एवढेच रकाने आहेत आणि मला जे सांगायचे आहे ते यांपैकी एकाही रकान्यात बसत नाही. म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहे. ज्या पालकांच्या मुलांविषयी हा निर्णय व्हायचा आहे, त्यांनाही ते वाचता यावे अशी माझी इच्छा आहे.

माझी मागणी आरंभीच सांगते. केंद्रांचे अनुदान दरवर्षी नव्याने मंजूर करण्याऐवजी सलग तीन वर्षांसाठी मंजूर करावे, त्यातला मोठा वाटा मुलांबरोबर प्रत्यक्ष बसणाऱ्या कार्यकर्त्यांच्या नियमित पगारासाठी राखून ठेवावा आणि केंद्राचे काम तपासताना तीच मुले व त्याच ताई किती काळ एकमेकांच्या सोबत टिकल्या, हे सर्वांत आधी पाहावे. यामागची कारणे पुढे मांडते.

आमच्या वस्तीतील बहुतेक घरांत आई आणि वडील दोघेही कामावर असतात. काही घरांत कमावणारी एकटी आईच असते. कोणी कार्यालयांची साफसफाई करते, कोणी रुग्णालयात आया आहे, कोणी पहाऱ्याचे काम करतो, कोणी घरोघरी सामान पोहोचवतो. या कामांच्या वेळा त्यांच्या हातात नसतात. पाळी आठवड्याला बदलते आणि ती बदलल्याचे कधी कधी आदल्या रात्री कळते. शाळा मात्र ठरल्या वेळी सुटते. शाळेची घंटा वाजल्यापासून घरातले पहिले मोठे माणूस दारात येईपर्यंत साधारण तीन तास जातात, आणि या तीन तासांत त्या मुलांची जबाबदारी नेमकी कोणाची, हा प्रश्न शाळा, पालक आणि प्रशासन यांच्यापैकी कोणाच्याच कागदावर लिहिलेला नाही. ज्यांच्याकडे पैसा आहे ते हे तास विकत घेऊ शकतात; त्यांच्या मुलांना शिकवणी असते, पोहण्याचा वर्ग असतो, घरी सांभाळणारे माणूस असते. उरलेल्यांच्या मुलांकडे घराची किल्ली असते.

किल्ली हा शब्द मी शब्दशः वापरते आहे. काही वर्षांपूर्वी दुसरीत शिकणारा एक मुलगा आमच्याकडे येऊ लागला. गळ्यात बुटाच्या नाडीत ओवलेली किल्ली असायची आणि ती तो सदऱ्याच्या आत ठेवायचा. लिहिताना डावा हात छातीवर, त्या किल्लीवर असायचा. कागद सरकू नये म्हणून मुले दुसऱ्या हाताने वही धरतात, तसे तो करत नसे, त्यामुळे त्याचे अक्षर सगळ्या पानभर तिरके पळायचे. आमच्या ताईंनी त्याला अक्षराबद्दल काही म्हटले नाही. दाराजवळ एक खिळा ठोकून त्यावर त्याचे नाव लिहिले आणि “इथे ठेवलीस तर माझे लक्ष राहील,” एवढेच सांगितले. तीन आठवडे तो खिळा रिकामाच राहिला. एके दिवशी त्याने किल्ली तिथे अडकवली, जागेवर जाऊन बसला, पुन्हा उठून ती आहे ना हे पाहून आला आणि मग दोन्ही हात टेबलावर ठेवून लिहायला लागला. हे घडायला तीन आठवडे लागले आणि त्या तीन आठवड्यांत रोज तीच ताई तिथे होती, एवढीच गोष्ट मला आपल्यापुढे ठेवायची आहे. ताई दर सोमवारी बदलत असती, तर ती किल्ली कधीच गळ्यातून निघाली नसती.

केंद्रात रोज काय चालते याची कल्पना बहुधा तपासणीच्या दिवशी येत नाही. त्या दिवशी मुले रांगेत बसलेली असतात. एरवी पहिला अर्धा तास कोणीही अभ्यास करत नाही. मूल सकाळपासून वर्गात गप्प बसून आलेले असते, भुकेले असते, वाटेत कोणाशी तरी भांडलेले असते. त्याला आधी हातपाय धुवायला पाणी, पोटात काहीतरी आणि ओरडायला जागा लागते. त्यानंतर गृहपाठ, त्यानंतर वाचन, मग खेळ किंवा हातकाम, आणि शेवटी निघताना नोंदवहीत कोणाबरोबर गेले त्याची सही. यांतला प्रत्येक भाग आवश्यक आहे. परंतु अनुदानाच्या भाषेत फक्त गृहपाठाला ‘उपक्रम’ म्हणतात, बाकीच्याला ‘इतर’.

गृहपाठाबद्दलही थोडे सांगणे भाग आहे, कारण आमच्याकडे येणाऱ्या पाहुण्यांचा सर्वांत मोठा गैरसमज तिथेच असतो. मुलाने गृहपाठ पूर्ण केला म्हणजे त्याला विषय समजला, असे धरून चालतात. सहावीतला एक मुलगा आमच्याकडे रोज सर्वांत आधी गृहपाठ संपवायचा. सुरेख अक्षर, समास आखलेला, उत्तरांखाली रेघ. शाळेतून कधी तक्रार नाही. चार महिन्यांनंतर शेजारी बसलेल्या ताईंच्या लक्षात आले की मित्राच्या वहीतून उतरवताना तो शब्द उचलत नाही, एकेक अक्षर चित्रासारखे पाहून काढतो. त्यांनी त्याला त्यानेच लिहिलेली ओळ वाचायला सांगितली. त्याला ती वाचता आली नाही. सहा वर्षे शाळेत जाऊन, एकही दिवस न चुकवता, त्याने आपल्याला वाचता येत नाही ही गोष्ट सुंदर अक्षराआड लपवून ठेवली होती. शाळेच्या शिक्षकांना मी दोष देत नाही. त्यांच्यापुढे भरगच्च वर्ग असतो आणि त्यांना तपासायला वही मिळते, ती लिहिणारा हात दिसत नाही. आमच्या ताईंना तो हात रोज दिसत होता. तरीही चार महिने लागले. दोन-दोन महिन्यांनी बदलणाऱ्या माणसाला ते कधी दिसले असते?

हे काम आमच्यापासून सुरू झालेले नाही आणि ते कोणाच्या उपकाराचेही नाही. लंडनच्या पूर्व भागातील गरीब वस्तीत १८८४ मध्ये टॉयन्बी हॉल हे वस्तीतच राहून काम करणाऱ्यांचे केंद्र उभे राहिले. अमेरिकेतील समाजसेविका जेन अ‍ॅडम्स यांनी ते पाहिले आणि एलन गेट्स स्टार यांच्यासह १८८९ मध्ये शिकागोत स्थलांतरित कामगारांच्या वस्तीत हल हाऊस सुरू केले. कारखान्यांत जाणाऱ्या आयांच्या लेकरांसाठी तिथे बालवर्ग आणि पाळणाघर निघाले, शाळकरी मुलामुलींची मंडळे निघाली, पुढे खेळाचे मैदानही झाले. अ‍ॅडम्स यांना १९३१ मध्ये शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले, हे अनेकांना ठाऊक असते. मला त्यांच्याविषयी अधिक महत्त्वाचे वाटते ते हे की आयुष्याच्या अखेरपर्यंत, म्हणजे १९३५ पर्यंत, त्यांचे घर त्याच वस्तीत होते. त्या शेजारी म्हणून राहिल्या. शेजारधर्माला मुदत नसते आणि त्या कामाचा सगळा पाया त्या एका गोष्टीत होता, असे मला इतक्या वर्षांच्या अनुभवानंतर वाटते.

स्वीडनमध्येही याच सुमारास, १८८७ मध्ये, ॲना हिएर्टा-रेट्झियस यांनी स्टॉकहोममध्ये गरीब घरच्या मुलांसाठी शाळेनंतर हातकाम शिकवणाऱ्या शाळा काढल्या. तिथे पुढे काय झाले हे आपण जरूर पाहावे. दानावर चाललेला तो उपक्रम हळूहळू सार्वजनिक व्यवस्थेचा भाग झाला. आज तिथे नोकरी करणाऱ्या किंवा शिकणाऱ्या पालकांच्या मुलांना, मूल तेरा वर्षांचे होते त्या वर्षीच्या वसंत सत्रापर्यंत, शाळेनंतरच्या केंद्रात जागा देणे ही नगरपालिकेची कायदेशीर जबाबदारी आहे, आणि राष्ट्रीय अभ्यासक्रमात या केंद्रांसाठी २०१६ पासून स्वतंत्र भाग आहे. जर्मनीने २०२१ मध्ये कायदा करून प्राथमिक शाळेतील मुलांना आठवड्याचे पाच दिवस, शाळेचे तास धरून रोज आठ तास शिक्षण आणि देखभाल मिळण्याचा हक्क दिला; ऑगस्ट २०२६ पासून तो पहिलीला लागू करायचा आणि दरवर्षी एकेक इयत्ता वाढवत २०२९ पर्यंत चौथीपर्यंत न्यायचा, असे त्यात ठरले आहे. ही श्रीमंत राष्ट्रे आहेत, आपली त्यांच्याशी तुलना कशी, असे कोणी म्हणेल. मी रकमेची तुलना करत नाही. जबाबदारी कोणाची, हे त्यांनी कायद्यात लिहून ठेवले, तेवढ्याकडे लक्ष वेधते.

पैसा कुठून आणायचा या प्रश्नाला इतिहासात एक उत्तर सापडते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतील लाखो स्त्रिया युद्धसामग्रीच्या कारखान्यांत कामाला गेल्या. गळ्यात किल्ली घालून हिंडणाऱ्या मुलांची चर्चा तिथे त्याच काळात सुरू झाली, आणि केंद्र सरकारने लॅनहॅम कायद्याखालील निधीतून पाळणाघरे चालवली, ज्यांत शाळा सुटल्यानंतर येणाऱ्या मुलांचीही सोय होती. युद्ध संपले आणि १९४६ मध्ये तो निधी थांबला. आयांची नोकरी राष्ट्राला हवी होती तोवर मुलांसाठी पैसा निघत होता. आज आपल्या शहराची कार्यालये रोज पहाटे झाडली जातात, रुग्ण उचलले जातात, सामान दारात येते, ते ज्यांच्या हातांनी होते त्यांच्याच मुलांविषयी हे पत्र आहे.

संयुक्त राष्ट्रांनी २० नोव्हेंबर १९८९ रोजी स्वीकारलेल्या बालहक्क संहितेत काम करणाऱ्या पालकांच्या मुलांना देखभालीच्या सोयींचा लाभ मिळावा यासाठी सहभागी राष्ट्रांनी उपाय योजावेत, असे कलम १८ मध्ये म्हटले आहे, आणि विश्रांती, फुरसत व खेळ हा मुलाचा हक्क असल्याचे कलम ३१ सांगते. आमच्या केंद्रातल्या खेळाच्या तासाला ‘अनुत्पादक वेळ’ असा शेरा एका तपासणीत मिळाला होता, म्हणून या कलमाचा मुद्दाम उल्लेख केला.

आता परिणामांचा प्रश्न. समितीच्या मागील बैठकीत एका सदस्यांनी विचारले होते की अशा केंद्रांनी मुलांचे गुण वाढतात याला पुरावा काय. प्रश्न रास्त आहे आणि त्याला मी प्रामाणिकपणेच उत्तर द्यायला हवे. अमेरिकेत १९९४ च्या कायद्याने शाळेनंतरच्या सामुदायिक केंद्रांची एक मोठी योजना आली आणि १९९८ पासून तिचा विस्तार झाला. पुढे काही वर्षांनी केंद्र सरकारनेच तिचे मूल्यमापन करवून घेतले, तेव्हा परीक्षेतील गुणांत एकंदर लक्षणीय फरक आढळला नाही. प्राथमिक वयाच्या मुलांना शाळेनंतर अधिक सुरक्षित वाटते, एवढे मात्र दिसले. आणि मुलांची हजेरी कमी व अनियमित होती, हेही दिसले. या अहवालाचा आधार घेऊन निधी कापण्याचे प्रस्तावही आले. तो अहवाल मी लपवून ठेवू इच्छित नाही, उलट आपण तो वाचावा. जे मूल आठवड्यातून एखाद-दुसऱ्या दिवशी येते आणि ज्याच्यासमोर दर वेळी नवे माणूस असते, त्याच्या गुणपत्रिकेत बदल होईल अशी अपेक्षाच मला चुकीची वाटते.

त्यानंतर २०१० मध्ये जोसेफ डर्लॅक, रॉजर वाइसबर्ग आणि मॉली पाचान यांनी अशा कार्यक्रमांच्या ६८ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध केला. त्यांना आढळले ते असे की सरसकट सगळ्या कार्यक्रमांचा उपयोग होत नाही. ज्या कार्यक्रमांत शिकवण्याला पायरीपायरीचा क्रम होता, मुलांचा प्रत्यक्ष सहभाग होता, त्यासाठी राखून ठेवलेला वेळ होता आणि काय शिकवायचे ते स्पष्ट ठरलेले होते, त्यांतील मुलांचा आत्मविश्वास, वागणूक आणि शालेय प्रगती या सर्वांत सुधारणा दिसली. उरलेल्यांत तशी सुधारणा दिसली नाही. म्हणजे दार उघडून मुलांना आत बसवले की काम झाले, असे होत नाही. पायरीपायरीने शिकवायचे तर काल कोणती पायरी झाली ते ठाऊक असलेले माणूस आज तिथे असावे लागते. संशोधनातून मी काढलेला हा निष्कर्ष आहे, त्या संशोधकांचे शब्द नव्हेत. पण नऊ वर्षे मी रोज हेच पाहत आले आहे.

सुरक्षिततेविषयी एवढेच सांगते की शाळेच्या दिवसांत अल्पवयीन मुलांच्या हातून होणारे हिंसक गुन्हे शाळा सुटल्यानंतरच्या तासांत सर्वाधिक असतात, हे अमेरिकेच्या न्याय विभागाच्या आकडेवारीत पुन्हा पुन्हा दिसले आहे. त्याच तासांत मुले स्वतःही हिंसेला बळी पडतात. आमच्या वस्तीतील मुलांकडे भावी गुन्हेगार म्हणून पाहिले जाऊ नये, यासाठी मी हा मुद्दा सहसा पुढे करत नाही.

आता ज्या गोष्टीमुळे हे पत्र लिहावे लागले तिच्याकडे येते. काही वर्षांपूर्वी आमच्या अनुदानाचे नूतनीकरण ज्या कार्यालयाकडे होते, तिथे प्रस्ताव सात महिने पडून राहिला. नामंजूर झाला नव्हता. एका जोडपत्रावर सही राहिली होती, मग अधिकारी बदलले, मग नवीन नमुना आला. त्या सात महिन्यांत जागेचे भाडे आम्ही वर्गणीतून भरले, साहित्य मागून आणले, पण ताईंचे पगार देता आले नाहीत. दोन ताई पहिले तीन महिने तशाच येत राहिल्या. त्यांच्याही घरी मुले होती. चौथ्या महिन्यात एकीला दुकानात नोकरी लागली आणि तिने निरोप घेतला. तिला थांब म्हणायचा अधिकार मला नव्हता. सहावीतल्या त्या मुलाच्या शेजारी बसणारी ताई तीच. तोवर तो जोडाक्षरांपर्यंत आला होता. ती गेल्यावर दोन आठवडे तो आला, दारातून आत डोकावून पाहायचा आणि तिची जागा रिकामी दिसली की कोपऱ्यात बसायचा. नंतर यायचा बंद झाला. सातव्या महिन्यात पैसे आले, मागील थकबाकीसह आले, हिशेबात एक पैसाही बुडाला नाही. लेखापरीक्षणात त्या वर्षी आमच्यावर कोणताही आक्षेप नाही. त्या मुलाच्या घरी मी चार वेळा जाऊन आले. तो परत आला नाही.

अशा रिकाम्या जागी स्वयंसेवक घ्यावेत, असे मला अनेकदा सुचवले जाते. आमच्याकडे महाविद्यालयातील मुले-मुली येतात, मनापासून काम करतात आणि त्यांच्याविषयी मला आदर आहे. परंतु परीक्षा आल्या की ती जातात आणि जायलाच हवीत. मुलांची मात्र दर वेळी नव्याने ओळख करून देण्याची तयारी हळूहळू संपते. तिसरीतल्या एका मुलीने एका नव्या दादाला पहिल्याच दिवशी विचारले होते, “तुम्ही किती दिवस आहात?” तो गोंधळला. ती भांडत नव्हती. जीव लावायचा की नाही, याचा हिशेब ती आधीच करत होती.

याच कारणासाठी दरडोई दराने आणि सर्वांत कमी बोलीच्या निविदेवर ही केंद्रे चालवायला देण्याचा जो प्रस्ताव आहे, त्याला माझा स्पष्ट विरोध आहे. या कामात खर्च वाचवण्याची जागा एकच असते, ती म्हणजे माणसांचा पगार. बोली कमी करायची तर एका ताईपुढे मुले वाढवायची किंवा दर सहा महिन्यांनी स्वस्त माणूस आणायचे, याखेरीज दुसरा मार्ग नाही. उलट, नेमणुकीआधीची पार्श्वभूमी-तपासणी, कोणतेही मूल एका मोठ्या माणसाबरोबर बंद खोलीत एकटे राहणार नाही असा नियम, निघतानाची सही, तक्रार ऐकणारी बाहेरची व्यक्ती, या गोष्टी आपण सक्तीच्या कराव्यात आणि त्यांचा खर्च अनुदानात धरावा. याबाबतीत आपण आमच्याशी जितके कठोर वागाल तितके मला हवेच आहे.

पालकांविषयी लिहिल्याशिवाय हे पत्र पुरे होणार नाही, कारण केंद्र मुलांचे म्हणून ओळखले जात असले तरी त्याचे निम्मे काम दारात उभ्या उभ्या मोठ्यांशी होते. संध्याकाळी सहाच्या सुमाराला आया येऊ लागतात. मुलाची चप्पल शोधेपर्यंतच्या दोन-तीन मिनिटांत जे बोलले जाते, ते कोणत्याही पालकसभेत बोलले जात नाही. पालकसभेला कामावरून सुट्टी घ्यावी लागते आणि तिथे बहुधा मुलाची तक्रार ऐकायला मिळते, त्यामुळे अनेक पालक तिकडे फिरकत नाहीत आणि मग त्यांना मुलाची काळजी नाही असा शिक्का बसतो. आमच्या दारात मात्र त्याच आया विचारतात की शाळेतून आलेल्या या चिठ्ठीत काय लिहिले आहे. घर रिकामे करण्याची ही नोटीस खरी आहे का. मुलगा रात्री दचकून उठतो, कोणाला दाखवू. कुटुंबांसाठी वेगळा ‘समुपदेशन कक्ष’ काढावा अशी सूचना एकदा आली होती. पाटी लावलेल्या त्या खोलीत कोणी आले नसते. दारात विचारायला कमीपणा वाटत नाही, आणि तेही ओळखीच्या माणसाला विचारताना.

नियमांतील वयाच्या अटीविषयी एक गोष्ट. सध्याच्या नियमानुसार सहा वर्षांखालील मुलाला केंद्रात घेता येत नाही. पाचवीतली एक मुलगी आमच्याकडे यायची थांबली, तेव्हा कळले की घरी साडेचार वर्षांच्या भावाला सांभाळायची पाळी तिच्यावर आली आहे. त्याला सोडून ती येऊ शकत नव्हती आणि त्याला घेऊन आम्ही तिला आत घेऊ शकत नव्हतो. शेवटी मी त्याचे नाव नोंदवहीत पेन्सिलीने लिहिले. हे नियमाबाहेरचे होते आणि ते मी इथे जाहीरपणे लिहिते आहे. तो कोपऱ्यात ठोकळे लावत बसायचा आणि ती, पहिल्यांदाच, त्याच्याकडे पाठ करून बसायची. मोठ्या बहिणींवर असलेली धाकट्यांची जबाबदारी लक्षात घेऊन नियमात जागा ठेवली नाही, तर आपल्या योजनेतून सर्वांत आधी मुली गळतील. बारा-तेरा वर्षांपुढच्या मुलांसाठी वेगळा विचार लागतो. ती लहानांबरोबर बसत नाहीत. त्याविषयी स्वतंत्र टिपण देण्याची माझी तयारी आहे.

मूल्यमापनाचे निकष बदलताना वर्षाअखेरची पटसंख्या विचारू नये असे माझे म्हणणे नाही. ती जरूर विचारावी. परंतु त्याबरोबर वर्षाच्या सुरुवातीला असलेल्यांपैकी किती मुले अखेरीस आहेत, आठवड्यातून चार किंवा अधिक दिवस येणारी किती, किती कार्यकर्त्यांना एकाच केंद्रात दोन वर्षे पूर्ण झाली, आणि जे मूल यायचे थांबले त्याच्या घरी कोणी जाऊन आले का, हेही विचारावे. हे मोजायला नवीन यंत्रणा लागत नाही, आमच्या नोंदवह्यांत ते सगळे आहे. आणि नूतनीकरणाचा निर्णय मुदत संपण्याच्या तीन महिने आधी व्हावा. तसा तो झाला नाही, तर निर्णय होईपर्यंत पगारापुरती रक्कम आपोआप सुरू राहावी, अशी तरतूद नियमांतच असावी. एका सहीसाठी एक ताई जाऊ नये, एवढाच तिचा हेतू आहे.

समितीच्या सदस्यांनी निर्णयाआधी एकदा केंद्रात यावे अशी माझी विनंती आहे. कृपया येण्याआधी कळवू नये. पाहणीसाठी ठरवलेली सकाळ नको. कामाचा कोणताही दिवस निवडावा आणि सायंकाळी पावणेसहाला यावे. त्या वेळी मुले थकलेली असतात, कोणीतरी रडत असते, खेळ आवरायचे असतात आणि दाराशी गर्दी असते. आत येताना उजव्या हाताला, मुलांच्या खांद्याइतक्या उंचीवर, खिळ्यांची एक रांग दिसेल. त्यावर आता एकोणीस किल्ल्या असतात. सव्वासहानंतर त्या एकेक करून कमी होत जातात, आणि शेवटची किल्ली जाईपर्यंत एक ताई तिथे थांबलेली असते. तिचा करार येत्या मार्चमध्ये संपतो.

आपली विश्वासू,
शाळेनंतरच्या एका केंद्राची समन्वयक